खाली ठेवलेला पेला

दोन स्थळं नाकारून आणि एक ठरलेलं मोडून झाल्यावर मैथाने शेवटी नवरा स्वतःच शोधला, आणि तो इतका बरा निघाला की शेखा वन्संनासुद्धा त्याच्यात खोट काढता येईना. रमजानपासून त्यांनी प्रयत्न करून पाहिला होता. मुलगा बारीक आहे, फार हळू बोलतो, रस्ते खात्यातल्या माणसाला घरी बसायला वेळ कुठला, असं सगळं बोलून झालं होतं. पण मैथाही त्याच खात्यात होती आणि दोन वर्षं त्याच्या शेजारच्या टेबलावर बसून तिने उबैदला पारखून घेतलं होतं. शेवटी आत्याबाईंनी हात टेकले आणि आज सकाळपासून त्याच सगळ्यांत जास्त नटून बसल्या होत्या.

मोझाला मात्र लेकीचा चेहरा पाहून भरून येत होतं. आधीचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा मैथा महिनाभर खोलीबाहेर आली नव्हती. ती पुन्हा हसेल असं मोझाला वाटलंच नव्हतं, आणि आता ती चक्क गुणगुणत जिने उतरत होती.

दुपारच्या नमाजानंतर गाड्या फाटकाशी लागल्या. पुरुष बाहेरच्या दाराने मजलिसमध्ये, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या खोलीत गेले आणि अफ्राबाई आत आल्या. उबैदला आईवडील नव्हते. चुलते गनिम आणि त्यांची ही बायको अफ्रा यांनीच त्याला आणि त्याच्या थोरल्या भावाला रास अल खैमाला नेऊन वाढवलं होतं. आजवर मोझा आणि त्या फोनवरच काय ते बोलल्या होत्या, पण अफ्राबाई दारातूनच अशा हसत आल्या की जणू मागच्या गल्लीतून साखर मागायला आल्या असाव्यात.

"काय हो हे तुमचं शहर!" चपला काढता काढता त्या म्हणाल्या. "मागच्या खेपेला आलो तो रस्ता या खेपेला नाहीच. यांनी तीनदा गाडी फिरवली. म्हटलं, सून मागायला निघालोय, वाळवंटात दुकान मांडायला नाही!"

"तुमच्याच पोराला विचारा," शेखा वन्सं म्हणाल्या. "रस्ते तेच हलवतात ना!"

हशा पिकला. ऊदाचा धूर फिरला, खजूर फिरले, गरम लुगैमातवर, पिठाच्या तळलेल्या गोळ्यांवर, काकवी ओतली गेली. मैथा हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखी बसली होती, पण पाय हलवत होती. थोड्या वेळाने मोझानेच तिला डोळ्याने खुणावलं, तशी ती आपल्या खोलीत गेली. मागणीच्या वेळी मुलगी समोर बसत नाही.

"तुम्ही पहिल्यापासून खवानीजलाच का?" अफ्राबाईंनी विचारलं.

"छे! इथं तेव्हा उंट चरायचे. आम्ही सतव्यातल्या."

"अगंबाई! उबैद सतव्यातच जन्मला की!"

मग काय, विषय मिळाला. मोझाला हा विषय कुणी नुसता दाखवायचा अवकाश. सतव्याच्या त्या बैठ्या घरांतून उठून तिला आता कितीतरी वर्षं झाली होती. या घरात सात खोल्या होत्या, प्रत्येकीला गार हवेचं वेगळं यंत्र होतं, आणि शेजारी कोण राहतं ते ठाऊक नव्हतं. भिंती एवढ्या उंच की शेजाऱ्याचा फक्त धूर दिसे, तोही त्याने मांस भाजलं तर.

"आमच्या अंगणात बदामाचं झाड होतं," मोझा म्हणाली. "पानं पडायची शेजारच्या अंगणात आणि बदामही तिकडेच. सावली तेवढी आमची."

"आणि भिंत ही एवढी," शेखा वन्संनी छातीशी हात धरला. "रमजानात संध्याकाळी ताटं भिंतीवरून जायची. रिकामं ताट परत द्यायचं नाही, हा कायदाच. एकदा आमचंच गहू-मांसाचं हरीस चार घरं फिरून आमच्याकडं परत आलं! मी म्हटलं, अगं, याच्यात मीठ कमी आहे, कुणाच्या हातचं गं हे?"

"कुणाच्या?" अफ्राबाईंनी डोळे पुसत विचारलं.

"माझ्याच!"

तिघी लोटपोट हसल्या. मोझाला वाटलं, एवढं मनमोकळं आपण या घरात कधी हसलो होतो? बोलता बोलता गच्चीवर झोपणं निघालं, कोपऱ्यावरचा केरळी शिंपी निघाला, पाण्याची गाडी आली की बादल्या घेऊन धावणाऱ्या बायका निघाल्या. पुरुषांना आडनावं असायची, पण ती त्यांच्या कागदोपत्री. बायकांचं जग वेगळं होतं. तिथे जिला पहिला मुलगा झाला ती त्याच्या नावाने उम्म अमुक, म्हणजे अमक्याची आई, आणि नवरा त्या अमक्याचा बाप. दुसरं नाव कुणी विचारतही नसे, आणि तान्ह्या पोरांना तर लाडाचंच नाव.

"माझी जाऊ तिथं एकच हिवाळा राहिली," अफ्राबाई सांगू लागल्या. "उबैद झाला आणि तिला ताप भरला. दवाखान्यातून सुटकाच होईना. पोर बाटली तोंडात धरेना, वाळून चाललेलं. तेव्हा शेजारच्या एका बाईनं त्याला अंगावर पाजलं हो. तिचं स्वतःचं तान्हं होतं, तरी. एकीकडे ते, एकीकडे हा. जाऊबाई जिवंत होती तोवर प्रत्येक नमाजाला त्या बाईला दुवा द्यायची. ती गेल्यावर मी शोधायला गेले, म्हटलं, निदान आभार तरी मानावेत. तर आळीच नाही! गाड्या ठेवायची इमारत उभी. विचारणार कुणाला, पहारेकऱ्याला? त्याला मी म्हटलं, इथं उम्म सैफ राहायची. तो म्हणतो, कितवा मजला?"

अफ्राबाई हसल्या. या वेळी त्यांच्याबरोबर कुणी हसलं नाही.

उम्म सैफ. त्या नावाने मोझाला कितीतरी वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. सैफ तिचा पहिला. पाचव्या वर्षी तापाने गेला. त्यानंतर कुणी "उम्म सैफ" म्हटलं की तिला रडं आवरत नसे, म्हणून शेखा वन्संनी घरादाराला, आळीला, नातेवाइकांना ताकीद दिली होती की आता हिला धाकट्याच्या नावाने हाक मारायची. तेव्हापासून ती उम्म हुमैद. सैफचं नाव घरात कुणी काढत नसे. नव्या घरात आल्यावर तर ते नाव ठाऊक असलेला शेजारीही उरला नाही.

"त्या बाळाला," मोझाने विचारलं. आपला आवाज आपल्यालाच लांबून ऐकू येतोय असं तिला वाटलं. "त्याला लाडानं काय म्हणायचे?"

"बुलबुल! रात्रंदिवस ओरडायचा म्हणून. आता बघा, तोंडातून शब्द काढायला लावावा लागतो."

"लुगैमात घ्या ना, गार होतील," शेखा वन्सं एकदम मोठ्याने म्हणाल्या. त्यांनी ताट इतक्या जोरात पुढे सरकवलं की काकवी सतरंजीवर सांडली. मोझाने त्यांच्याकडे पाहिलं. वन्संनी नजर चुकवली. त्यांनाही कळलं होतं.

तेवढ्यात आतल्या दारावर टकटक झाली आणि हुमैद तोंडभर हसत डोकावला.

"आई, गनिमकाकांनी पेला खाली ठेवला!"

मागणं घेऊन आलेला पाहुणा कॉफीचा पहिला पेला ओठाला लावत नाही. तो समोर ठेवतो, मागणं मागतो, आणि यजमान "पी, दिलं" म्हणेपर्यंत पेला तसाच राहतो. हुमैदच्या आजोबांनी एकदा असाच पेला ठेवून एका खुनाची माफी मिळवली होती असं घरात सांगत. आज तर नुसती हौस होती.

"बाबा म्हणतात, मैथाला विचारून ये. नावाला हो! तिनं नाही म्हटलं तरी मी होच सांगणार आहे."

"दोन मिनिटं थांबायला सांग," मोझा म्हणाली.

"दोनच हं. काका पेल्याकडं अशी नजर लावून बसलेत, तहान लागली असणार बिचाऱ्यांना."

मोझा उठली आणि कॉफी करायच्या लहान खोलीत गेली. मागोमाग शेखा वन्सं आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"तोंडातून शब्द काढू नकोस," त्या म्हणाल्या.

"वन्सं, तुम्हीच त्याला भिंतीवरून घ्यायचात. तुमच्याच हातांनी माझ्या पदराखाली द्यायचात."

"मला काही आठवत नाही. तुलाही आठवत नाही."

"एका अंगावर प्यायलेली ती भावंडं, त्यांचं लग्न धर्मात बसत नाही. मी सांगायला हवं का तुम्हाला?"

"चार-पाच वेळा पोटभर पाजलं तरच धरतात म्हणे. तू काय, एखाद-दोन वेळा..."

"दीड महिना, वन्सं! मोजायला बसले नव्हते. सैफ भुकेला राहिला तर राहिला, याचं आधी, असं तुम्हीच म्हणायचात. त्याची आई जवळ नाही म्हणून."

शेखा वन्संनी मोझाचे दोन्ही हात धरले. या बाईने आयुष्यात मोझाला शंभर टोमणे मारले असतील, पण असे हात कधी धरले नव्हते.

"हे बघ. बाळाची आई गेली. त्या आळीची वीटसुद्धा उरली नाही. तुला नि मला सोडून या जगात कुणाला ठाऊक नाही, आणि मी मरेन पण बोलणार नाही. अख्खं शहर विसरलंय, तू एकटी कशाला लक्षात ठेवतेस? पोरगी आत्ताशी कुठं उभी राहिलीय गं. या खेपेला पडली तर उठायची नाही."

खोटं कशाला बोला, मोझाच्या मनात आलंच की गप्प राहावं. बाहेर जावं, "हो" म्हणावं. देवाची भीती होतीच, पण देव दयाळू आहे असंही ती लहानपणापासून ऐकत आली होती. आणि मैथा जिन्यावरून गुणगुणत उतरली होती. सगळं एका शब्दावर होतं. पण तिला आठवलं ते भलतंच. तिला आठवलं की उजवीकडे सैफ असायचा, डावीकडे बुलबुल, आणि पिता पिता दोघांचे हात एकमेकांना लागायचे. मग सैफ त्याचं बोट घट्ट धरून झोपायचा.

"वन्सं," ती म्हणाली, "तुमचं ऐकून मी सैफला एकदा पुसून टाकलं. आता पुन्हा नाही."

शेखा वन्संचे हात सुटले. "तू जगावीस म्हणून केलं मी ते," त्या म्हणाल्या आणि कॉफीच्या भांड्यांकडे तोंड करून रडू लागल्या. मोझाने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती लेकीच्या खोलीकडे गेली.

मैथा आरशासमोर उभी होती. "हो म्हणून सांगायचं की आधी थोडं लाजायचं?" तिने विचारलं. मग आईचा चेहरा पाहून ती पलंगावर बसली.

मोझाने फिरवून फिरवून सांगितलं नाही. तसं करायची ताकद तिच्यात नव्हती. हिवाळा, शेजारीण, ताप, बाळ, सगळं चार वाक्यांत संपलं. मैथाला आधी थट्टा वाटली. मग तिने ओठ दाबून धरले.

"सैफ म्हणजे कपाटातल्या फोटोतला?"

"तोच."

"आम्हाला त्याचं नाव घेऊ दिलं नाहीत कधी."

"नाही."

"नाव घेतलं असतंत तर दोन वर्षांपूर्वीच कळलं असतं! पहिल्याच आठवड्यात त्यानं मला सांगितलं होतं, मला एका उम्म सैफनं वाचवलं म्हणून. मी म्हटलं, किती छान. छान म्हटलं मी!" तिचा आवाज फुटला. "तुम्ही सगळ्या जुन्या आळीचे एवढे गोडवे गाता. भिंत बुटकी होती, ताटं भरून यायची. आम्हाला त्या आळीतून काय मिळालं? ना झाड, ना भिंत. मिळालं ते हे!"

लेकीचं म्हणणं खरंच होतं.

"गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही."

"मग?"

"मग तुझी मुलं मी मांडीवर कशी घेतली असती, मैथा?"

मैथाने हातांत तोंड लपवलं. मोझा शेजारी बसली, पण मैथा सरकून लांब झाली. तोंडावरचे हात न काढताच ती म्हणाली, "मी त्याला सांगणार नाही. तूच सांग. मुलगा तुझा आहे."

बायका पुरुषांच्या मजलिसमध्ये जात नाहीत, निदान मोझा तीस वर्षांत कधी गेली नव्हती. तिने डोक्यावरचा शेला नीट केला आणि दार उघडलं. तिला पाहून तिचा नवरा खलफान बोलता बोलता उठून उभाच राहिला. हुमैद कॉफीचं भांडं हातात धरून तसाच थांबला. म्हातारे गनिम गुडघे मोडून बसले होते आणि त्यांच्यापुढे गालिच्यावर तो पेला होता. कॉफी केव्हाच निवली असणार. त्यांच्या पलीकडे उबैद होता. मोझाने त्याच्याकडे पाहायचं टाळलं होतं, पण पाहिलंच. एवढा मोठा झाला हा, तिच्या मनात आलं, आणि त्या क्षणी दुःखाआधी तिला आनंदच झाला.

"गनिमभाऊ, पेला उचला," ती म्हणाली.

"आधी उत्तर, बाई. रीत आहे."

"उत्तर घेऊनच आले आहे. तुम्ही मागताय ते मला देता येत नाही. मैथा त्याची बहीण लागते." तिला श्वास घ्यावा लागला. "तुमची बायको माझं घर शोधत सतव्यात गेली होती. उम्म सैफ मीच."

बाहेर कुठेतरी बांधकामावरचा सायंकाळचा भोंगा वाजला. खलफान हळूहळू खाली बसला.

"मी त्या हिवाळ्यात परदेशी प्रशिक्षणाला होतो," तो गनिमना म्हणाला, जणू माफीच मागत होता. "परत आलो तर ही जेवत नव्हती. शेजारचं पोर घेऊन गेले म्हणून. मी रागावलो होतो तिला. म्हटलं, आपलं आहे ना एक."

उबैद उठला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो काय म्हणेल याची मोझाला भीती वाटत होती. तो बोलला, तेही त्याच्या त्या हळू आवाजात.

"माझा थोरला भाऊ सांगायचा, मला भिंतीवरून पलीकडं द्यायचे."

"हो. ताटाबरोबर."

"आणि परत?"

"पोट भरून परत," मोझा म्हणाली आणि आता तिला रडू आवरेना. "आमच्या आळीत भिंतीवरून आलेलं रिकामं परत पाठवत नसत, गनिमभाऊ. आजही पाठवणार नाही. मुलगी नाही देता येत. पण या मुलाला आई नव्हती. आता आहे. तुम्ही पेला उचला."

गनिमनी पेल्याकडे पाहिलं. आयुष्यभर माणसं मागायला किंवा नाकारायला येतात, हे असलं उत्तर त्यांनी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी पेला उचलला, ती गार कॉफी एका घोटात प्यायली आणि पेला हुमैदपुढे धरला.

"ओत, बाळ," ते म्हणाले. "गरम ओत. तुझ्या भावालाही दे."

हुमैदने ओतली. एक थेंबही त्याने सांडू दिला नाही.

मग मोझाने उबैदचा हात धरला. परका पुरुष ज्या दाराच्या आत येत नाही त्या दारातून ती त्याला आत घेऊन आली. तो मुकाट्याने आला. दिवाणखान्यात अफ्राबाई सुन्न बसल्या होत्या. शेखा वन्संनी त्यांना तेवढ्यात सगळं सांगितलं असावं. मैथाही खोलीतून बाहेर आली होती. डोळे सुजले होते, पण ती ताठ उभी होती. सवयीने उबैद उंबऱ्यावरच थबकला आणि त्याने नजर खाली केली.

"मैथा, डोकं झाक गं, पुरुषमाणूस आलंय!" शेखा वन्संच्या तोंडून निघून गेलं.

मैथाचा हात मागे सरकलेल्या शेल्याकडे गेला. दोन वर्षं शेजारी बसूनही उबैदने तिचा एक केस पाहिला नव्हता. शेला घट्ट बांधून ती कामावर जायची, आणि तो चुकून सरकला तर तोच मान वळवायचा. तिचा हात तिथेच थांबला. मग तिने शेला ओढून काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. तिचे लांब, काळे केस खांद्यावर आले.

"कुणापासून झाकू, आत्या?" ती म्हणाली. "भाऊ आहे ना."

उबैद गालिच्याकडे पाहत उभा होता.

"वर बघ, उबैद," मैथा म्हणाली. "आता चालतं."

मोझाच्या हातात त्याचा हात होता. त्याने तिची बोटं घट्ट धरली, पण मान वर केली नाही.